लोकलने शोला जाणाऱ्या गिटारिस्टने छोटा, हलका पेडलबोर्ड कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. (पेडलबोर्ड म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडल्स ज्या फळीवर बसवतात ती.) विचारणारे डोंबिवलीला राहतात, ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात, शो कधी दादरला, कधी ठाण्याला, कधी पनवेलला, आणि जाणं-येणं लोकलने, पुढे रिक्षाने. पाठीवर गिटार आणि हातात सुटकेसएवढी केस, तिच्यात बॉस कंपनीचा टीयू-३ ट्यूनर (सूर लावायला), ट्यूब स्क्रीमर टाइपचा ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा), डीएस-१ (बॉसचंच, जास्त फाडणारं डिस्टॉर्शन), कोरस (आवाज जाड करणारा), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि पायाने पुढे-मागे हलवायचं वाह, जे दोनच गाण्यांना लागतं. गर्दीच्या वेळी साध्या डब्यात शिरता येत नाही, लगेजच्या डब्यात जावं लागतं, खांदा दुखतो. आत्ताच्या बोर्डाचा फोटोही टाकलाय. तर मिनी पेडल्स घ्यावीत का, सहा-सात हजारांत हलका बोर्ड कुठला घ्यावा, आणि तो अल्युमिनियमचा घ्यावा की सुताराकडून प्लायचा करून घ्यावा?

मी ऑर्केस्ट्रा, लग्नातले संगीत, कॉलेजचे शो असं सगळं वाजवतो आणि ओळखीतल्या पोरांचे बोर्ड पण बांधून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. दरवेळी माझं म्हणणं तेच असतं की बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या. आधी त्याच्यावर काय राहणार ते ठरवा, मग ते कुठल्या बॅगेतून नेणार ते ठरवा, मग पॉवरचं बघा, आणि उरलेल्या मापाचा बोर्ड करून घ्या किंवा विकत घ्या. उलट्या बाजूने सुरुवात केली की बोर्ड सुंदर येतो आणि सामान तेवढंच जड राहतं.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर एकेक वस्तू त्याच्यावर ठेवून बघा. बॉसच्या साइजचं एक पेडल साधारण ४०० ते ४५० ग्रॅम भरतं. तुमच्याकडे तसली चार आहेत म्हणजे पावणेदोन किलो तिथेच झाले, ओव्हरड्राइव्हचा अर्धा किलो धरा. नेहमीच्या साइजचं क्राय बेबी वाह एकटंच दीड किलोच्या वर जातं. म्हणजे एक वाह नेणं आणि बॉसची तीन-साडेतीन पेडल्स नेणं वजनाला सारखंच. तुम्ही टाकलेल्या फोटोतला बोर्ड २४ बाय १२ इंचाचा आणि १८ एमएम प्लायचा वाटतोय, तो दोन किलोच्या आसपास असेल. आणि ती पत्र्याचे कोपरे लावलेली हार्ड केस, ती नक्की बोर्डापेक्षा जड असणार. आता नुसता बोर्ड बदलून तुमचा किती फायदा होईल बघा, फार तर दीड किलो. केस आणि वाह काढलं तर त्याच्या कितीतरी पुढे.

आता प्लाय की अल्युमिनियम. याच्यावर लोक खूप भांडतात पण छोट्या बोर्डाला हा वादच शिल्लक राहत नाही. समजा ४० बाय १४ सेंटिमीटरचा बोर्ड आहे. ९ एमएम प्लायचा केला तर तो साधारण ३०० ते ३५० ग्रॅम भरतो, आणि तेवढ्याच मापाचा २ एमएम अल्युमिनियमचा पत्रा घेतला तर तो पण ३०० ग्रॅमच भरतो. फरक पडतो तो ताकदीत, नुसता पत्रा पायाखाली दबतो म्हणून त्याच्या कडा वाकवून घ्याव्या लागतात, तर प्लाय तसाच ताठ राहतो. १२ एमएम घेतला तरी चारशे-साडेचारशे ग्रॅम, म्हणजे एका पेडलएवढंच वजन. मोठ्या बोर्डाला अल्युमिनियम नक्की परवडतं. छोट्याला सुताराकडे उरलेला प्लायचा तुकडा असतो तो मापात कापून घ्या, कडा घासून घ्या, पॉलिशचे दोन हात मारा म्हणजे पावसाळ्यात पाणी पिणार नाही, झालं. तयार घ्यायचाच असेल तर पेडलट्रेनचा नॅनो प्लस १८ बाय ५ इंचाचा आहे, मेट्रो १६ हा १६ बाय ८ चा. दोन्ही चांगलेच आहेत, पण बाहेरून येतात म्हणून तुमच्या बजेटचा मोठा भाग तिथेच जाईल आणि तो पैसा मला दुसरीकडे जास्त गरजेचा वाटतो.

कुठली पेडल्स ठेवायची हे मात्र तुम्हालाच बघायला लागेल, कारण ते तुमच्या गाण्यांवर आहे. मी पोरांना सांगतो की गेल्या शोची गाण्यांची यादी काढा आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा की पाय कशावर ठेवला होता. ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा असं दिसतं की कोरस आणि डिले जवळजवळ प्रत्येक गाण्यात आहेत, ओव्हरड्राइव्ह बऱ्याच ठिकाणी आहे, आणि डिस्टॉर्शन एखाद-दुसऱ्या गाण्यात सोलोपुरता. तुमचं असंच निघालं तर ट्यूब स्क्रीमर आणि डीएस-१ यातलं एकच ठेवा. दोन्ही ठेवायचं कारण एकच असू शकतं, की तुम्ही ट्यूब स्क्रीमर डीएस-१ च्या आधी लावून त्याने डीएस-१ ला आणखी जोर देता आणि तो आवाज तुम्हाला खरंच लागतो. तसं नसेल तर ४०० ग्रॅम आणि दहा सेंटिमीटर जागा फुकट नेताय. तुम्ही मेटल वाजवत असता तर मी उलट सांगितलं असतं, ट्यूब स्क्रीमर बुस्टसारखा लागतोच आणि कोरस घरी राहतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाहीये पण ती फार महत्त्वाची आहे. तुम्ही अँपमध्ये वाजवता का सरळ मिक्सरला जाता? शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो, नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्रात साउंडवाला बरेचदा डीआय बॉक्स (गिटार सरळ मिक्सरला जोडणारा डबा) पुढे सरकवतो आणि म्हणतो याच्यात लावा. तिथे क्लीन, म्हणजे न फाडलेला आवाज, आणि कोरस चालून जातं, पण डिस्टॉर्शन स्पीकर कॅबिनेटशिवाय सरळ मिक्सरला गेलं की कानाला चिरणारा, चरचरीत आवाज येतो, कारण गिटारचा स्पीकर वरच्या फ्रिक्वेन्सी बऱ्याच कापतो आणि पीए, म्हणजे हॉलचे मोठे स्पीकर, तसं काही करत नाहीत. असं होत असेल तर बोर्डावर शेवटी कॅब सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं पेडल) असणं हे वाहपेक्षा दहा पट गरजेचं आहे. इथे मल्टी-इफेक्टचा (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) विचार पण करून बघा, त्याच्यात कमीपणा काही नाही. लाइन सिक्सचं एचएक्स स्टॉम्प एक किलोच्या आसपास आहे आणि त्याच्यात अँप, कॅब, डिले, कोरस सगळं येतं, पण ते तुमच्या बजेटच्या बरंच बाहेर आहे. झूमचं एमएस-५०जी हे बॉसच्या पेडलएवढंच आहे, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्यात कोरस, डिले, ट्यूनर, थोडे अँप मॉडेल असं एकत्र मिळतं. त्याची अडचण ही की फुटस्विच एकच आहे, त्यामुळे चालू गाण्यात कोरस बंद करून डिले चालू करणं त्रासाचं होतं. ज्याचा आवाज गाण्यागणिक बदलतो पण गाण्याच्या मध्ये फारसा बदलत नाही त्याला ते छान पडतं. तुम्ही अंतऱ्याला, मुखड्याला वेगवेगळं दाबत असाल तर वेगळी पेडल्सच बरी.

समजा टीयू-३, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि डिले असे चार राहिले. आता माप. घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि पेडल्स त्याच्यावर प्लग लावून मांडा, प्लग लावूनच, कारण सगळ्यांचं गणित तिथेच चुकतं. बॉसचं पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर लांब असतं, ट्यूब स्क्रीमर पण रुंदीला तेवढाच. चारांचे झाले २९२. यांचे जॅक दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे दोन पेडल्सच्या मध्ये चपटे प्लग लावले तरी दोन-अडीच सेंटिमीटर जातात, अशा तीन फटी म्हणजे ७५ मिलिमीटर. वर दोन टोकांना दोन प्लग बाहेर येणार, त्यांचे अजून चार-पाच सेंटिमीटर. बेरीज ४१-४२ सेंटिमीटरवर जाते. म्हणजे कागदावर "चार पेडल, तीस सेंटिमीटर" वाटलं होतं ते हे असं वाढतं. लांबीचं पण तसंच, पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, त्यावर बॉसचं पेडल जेमतेम बसतं, आणि त्याचा पॉवरचा जॅक मागच्या कडेला आहे, तिथला प्लग सरळ असला तर मागे लटकत राहतो आणि बॅगेत घालताना तोच आधी मोडतो. म्हणून पॉवरचे प्लग काटकोनी घ्या आणि बोर्डाची खोली साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर ठेवा. जॅक वरच्या कडेला असणारी पेडल्स असतील तर ती एकमेकांना चिकटून बसतात आणि हे सगळं गणित बदलतं.

मिनी पेडल्सबद्दल पण तुम्ही विचारलंय. जागा आणि वजन दोन्ही वाचतं यात शंका नाही, साधारण ४२ मिलिमीटर रुंद आणि १६० ग्रॅमच्या आसपास. पण आपल्याकडे एक अडचण आहे ती बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. गणपतीच्या मंडळात किंवा देवळाच्या स्टेजवर, मूर्ती समोर असली की चपला-बूट खाली काढूनच वर चढायचं असतं. अनवाणी पायाने बॉसचं पेडल दाबणं सोपं, रबराची मोठी पट्टी असते, टाच टेकवून नुसता चवडा दाबला की झालं. मिनी पेडलचा स्विच म्हणजे लोखंडी बटण, ते अंगठ्याखाली जोर लावून दाबावं लागतं, दुखतं, आणि मागची नॉब बोटाने फिरते, मग पुढच्या गाण्यात डिले भलत्याच मापात येतो. शिवाय ते हलकं असल्यामुळे केबलच्या ओढीने कलंडतं. माझं मत असं की मिनी घ्यायचंच तर ट्यूनर घ्या, तो दोन गाण्यांच्या मध्ये शांतपणे दाबायचा असतो. गाणं चालू असताना न बघता ज्याच्यावर पाय मारायचा ते पेडल पूर्ण साइजचंच ठेवा. तुमचा ट्यूनर पण मी आत्ता बदलणार नाही, त्याचं कारण पॉवरमध्ये येतं.

बॅग. हार्ड केस सोडून द्या, निदान लोकलच्या शोंना. चांगली जाड लॅपटॉपची सॅक घ्या, ४५ सेंटिमीटरच्या पुढे उंच असलेली, त्याच्यात ४२ चा बोर्ड उभा बसतो. गिटारची गिगबॅग पाठीवर, सॅक पुढे छातीवर, आपण लोकलमध्ये नाहीतरी सॅक पुढेच घेतो, आणि दोन्ही हात मोकळे, एक हात वरच्या कडीला. आतून पेडल्सच्या बाजूला जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून घाला म्हणजे नॉबवर दाब येत नाही. काही जण बोर्ड गिगबॅगच्या पुढच्या खिशात कोंबतात, ते करू नका. तिथे नेमकं ब्रिज आणि तारांवर वजन येतं, आणि गर्दीत कोणी रेललं की तो सगळा दाब गिटारवर.

विमानाने कधी शो असेल तरी हीच सॅक चालते. इंडिगोची केबिन बॅग ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आणि ७ किलोपर्यंत चालते, चार पेडल्सचा बोर्ड ॲडॅप्टरसकट तीन किलोच्या आत बसतो.

आता पॉवर, इथे कंजुषी करू नका. तुमच्या पेडल्सना लागणारा करंट फार नाहीये. टीयू-३ ला साधारण ३० मिलिअँपिअर, ओव्हरड्राइव्हला दहाच्या आसपास, कोरसला वीस-पंचवीस, डिजिटल डिलेला साठ-सत्तर, सगळं मिळून दीडशेच्या आत. ५०० मिलिअँपिअरच्या एका चांगल्या नऊ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर हे आरामात चालतं. टीयू-३ ला मागे पॉवर आउट आहे, त्यातून माळेची केबल (एका प्लगमधून अनेक पेडल्सना पॉवर देणारी) काढली की बाकीच्यांना पॉवर जाते आणि वेगळा पॉवर सप्लाय नेण्याचं वजनच वाचतं, म्हणून म्हटलं की ट्यूनर बदलू नका. या पद्धतीत एक धोका असतो, डिजिटल पेडलची बारीक शिट्टीसारखी किरकिर त्याच वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) वाढवला की ऐकू येते. घरी गेन पूर्ण लावून तपासा. किरकिर आली तर डिलेला स्वतंत्र ॲडॅप्टर द्या, तेवढ्याने बहुतेक वेळा मिटतं. पुढे-मागे जास्त करंट खाणारी रिव्हर्बची किंवा मॉडेलिंगची पेडल्स आली तर मात्र आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी पॉवर देणारा) लागेल, आणि तो घेताना जाडी बघा, छोट्या बोर्डांच्या खाली जेमतेम इंचभर जागा असते.

ॲडॅप्टर घेताना लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानात पेडलचा उल्लेख करून मागा. घरात पडलेला राउटरचा नऊ व्होल्टचा ॲडॅप्टर उचलून लावू नका. प्लग तोच बसतो, पण राउटरच्या ॲडॅप्टरला मधली पिन सहसा प्लस असते आणि पेडल्सना मधली पिन मायनस लागते. काही पेडल्समध्ये संरक्षणाचा डायोड असतो, काहींमध्ये नसतो. ॲडॅप्टरच्या स्टिकरवर गोलाची खूण असते ती बघायची सवय लावा.

पॉवर बँकवर चालवणारे पण आहेत. त्यासाठी पाच व्होल्टचे नऊ करणारी केबल मिळते, आणि मेन सप्लायशी संबंधच नसल्यामुळे मंडळाच्या जनरेटरची घरघर येत नाही हा मोठा फायदा. पण पॉवर बँकला वाटलं की फार कमी करंट जातोय, तर ती फोन चार्ज झाला समजून आपोआप बंद होते, आणि तुमच्यासारख्या कमी करंटच्या बोर्डाला असं होऊ शकतं. घरी दोन तास लावून ठेवून बघा, मगच शोला न्या.

अर्थिंगबद्दल एवढंच सांगतो की मंडपात घरघर यायला लागली की कोणीतरी हुशार माणूस अँपच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढायला सांगतो. ते कधीही करू नका. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी बसलेला शॉक जीव घेऊ शकतो. आवाज आला तर साउंडवाल्याला सांगून अँप आणि मिक्सर एकाच लाइनवरून घ्यायला लावा, डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबा.

बोर्डावर पेडल्स बसवायला वेल्क्रो सगळे वापरतात, पण बॉसच्या बुडाला रबर असतं आणि रबराला वेल्क्रोचा गोंद नीट धरत नाही, मे महिन्यात तर सुटून हातात येतो. प्लायचा बोर्ड असेल तर माझी आवडती पद्धत सायकलच्या चेनची आहे. सायकलवाल्याकडून जुनी चेन घ्या, तिच्या सुट्या कड्या करून घ्या, पेडलच्या बुडाचा एक स्क्रू काढून कडीचं एक भोक त्याच्यात घालून तोच स्क्रू परत पिळा आणि दुसरं भोक लाकडाच्या स्क्रूने प्लायवर. एका पेडलला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन कड्या पुरतात. बोर्ड उलटा करून हलवला तरी पेडल हलत नाही, आणि काढायचं असेल तर दोन स्क्रू. आधी तुमच्या पेडलचा स्क्रू कडीच्या भोकातून जातो का बघून घ्या, काहींना थोडा लांब स्क्रू लागतो.

खालून चार जाड रबरी बुश लावायला विसरू नका. हलक्या बोर्डाची ही एक बाजू आहे की तो घसरतो, नाट्यगृहाच्या गुळगुळीत लाकडी स्टेजवर तर एकदा पाय मारला की बोर्ड पुढे आणि तुम्ही मागे. केबल बोर्डाच्या एका टोकाला क्लिपने अडकवून घ्या म्हणजे तिच्यावर पाय पडला तर ओढ जॅकवर येणार नाही. पॅच केबल (दोन पेडल्स जोडणाऱ्या छोट्या केबल) त्या रंगीबेरंगी सहाच्या पाकिटातल्या घेऊ नका, त्या आतून कधी तुटतात कळत नाही आणि उघडून सोल्डर पण करता येत नाहीत. चपट्या प्लगच्या, उघडता येणाऱ्या घ्या आणि एक जास्तीची सॅकमध्ये ठेवा.

राहिलं वाह. ते दोन गाण्यांसाठी लागतं असं तुम्ही लिहिलंय, तर ते बोर्डावर बसवूच नका. यादीत ती गाणी असतील त्या दिवशी वेगळं न्या, बोर्डाच्या डावी-उजवीकडे जमिनीवर ठेवा, गिटार आधी वाहमध्ये आणि वाहमधून एक मीटरभर केबल ट्यूनरला. नऊ व्होल्टची बॅटरी घालून ठेवली की माळेत एक वायर कमी, फक्त वाजवून झालं की इनपुटमधून केबल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उगाच उतरत राहते. प्लायचा बोर्ड, सॅक, ॲडॅप्टर, माळ आणि चांगल्या पॅच केबल एवढं घेऊनही तुमच्या बजेटमधले पैसे उरायला हवेत. ते डीएस-१ विकून येणाऱ्या पैशात घाला आणि छोटं वाह बघा, डनलॉपचं क्राय बेबी मिनी आहे, हॉटोनचं सोल प्रेस आहे जे व्हॉल्यूम पेडल म्हणून पण चालतं. दोन्ही दुकानात जाऊन पायाने चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका, छोट्या वाहचा पाय फिरायचा पल्ला कमी असतो आणि तो प्रत्येकाच्या पायाला जमतोच असं नाही.